कामावर भाषेवरून अडवलं तर काय करायचं? ठाणे-नवी मुंबईच्या नोकरदारांसाठी

ऐरोलीच्या आयटी पार्कात फ्लोअरवर मराठीत बोलली म्हणून टीम लीडरने मुलीला झापलं. वाशीतल्या शोरूममध्ये मराठी येत नाही म्हणून मुलाला मुलाखतीतूनच परत पाठवलं. रबाळ्याच्या कारखान्यात सातवी पास हेल्परच्या हातात चार पानी इंग्रजी चार्जशीट (गैरवर्तनाचं कंपनीचं आरोपपत्र) ठेवली आणि सही घेतली. तिघंही एकच वाक्य घेऊन येतात: "हा भाषेवरून भेदभाव आहे, याला काहीतरी कायदा असेलच ना?"

असा एकच एक कायदा नाही. खासगी नोकरीत भाषेवरून भेदभाव करू नये असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे आजही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जे 'कलम अमुकनुसार मराठी माणसाला नोकरी नाकारता येत नाही' फिरतं, त्यातलं बरंचसं हवेतलं असतं. पण वेगवेगळ्या कायद्यांत भाषेला लागू पडतील अशा तरतुदी आहेत, आणि योग्य तरतूद धरली तर काम होतं. कोणती धरायची हे तुमचा मालक कोण, तुमचं काम काय आणि नेमकं घडलं काय, यावर ठरतं. त्याच क्रमाने जाऊ.

पायरी १ : आधी मालक कोण ते बघा

राज्य सरकार, महापालिका, सिडको, एमआयडीसी, केंद्राचं कार्यालय, सरकारी बँक की खासगी कंपनी? ठेकेदाराकडून असाल तर तुमच्या पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं आहे? हे कागदावर बघून ठरवा, गेटवरच्या बोर्डावरून नको.

मालक सरकार असेल तर राज्यघटना थेट लागू होते. मात्र कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, आणि नोकरीच्या बाबतीत कूळ व निवासही, असे आधार दिले आहेत. त्या यादीत भाषा नाही. म्हणून सरकारी भरतीतल्या भाषेच्या अटीविरुद्ध भांडायचं झालं तर ते कलम १४ वर, म्हणजे अट मनमानी आहे, या मुद्द्यावर भांडावं लागतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातला एक नियम असाच रद्द केला: तेलुगू माध्यमातून पदवी घेतलेल्यांना भरतीत ज्यादा गुण दिले जात होते. भाषा येणं ही अट वेगळी आणि त्या माध्यमात शिकलेला असणं ही वेगळी. हा फरक आपल्याकडेही 'मराठी माध्यम' आणि 'मराठीचं ज्ञान' यांच्यात करावा लागतो, आणि भरतीच्या जाहिरातीवर बोट ठेवताना लोक नेमकं तेच विसरतात.

राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या नोकरीत मराठी येणं ही रास्त अट आहे, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. स्थानिक प्राधिकरणांसाठी, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेसाठीही, २०२२ मध्ये वेगळा कायदा झाला, आणि ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने शासकीय कार्यालयांत मराठीतच बोलण्याचं बंधन घातलं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या उर्दू फलकावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला, तो मात्र सोबत वाचावा. २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला बंदी करत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

केंद्राच्या कार्यालयांचं गणित निराळं. १९७६ च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो. तिथे कर्मचाऱ्याने फाइलवर टिपण हिंदीत लिहावं की इंग्रजीत हे तो स्वतः ठरवतो, आणि त्याचा अनुवाद त्यानेच करून द्यावा असं त्याला सांगता येत नाही. उरण-बेलापूर पट्ट्यातल्या केंद्रीय कार्यालयांत 'हिंदीतच लिहा' असा तोंडी दट्ट्या बसत असेल तर हा नियम पुढे करा.

खासगी कंपनी असेल तर घटनेची ही कलमं थेट चालत नाहीत. तुमचा आधार नेमणूकपत्र, कंपनीची स्वतःची पॉलिसी आणि कामगार कायदे.

इथे ऐरोली-महापेच्या मंडळींसाठी थोडं थांबतो. कंपनी अमेरिकन, हँडबुकमध्ये 'नॅशनल ओरिजिन'वरून भेदभाव चालणार नाही असं छापलेलं, म्हणून अमेरिकन कायदा आपल्याला लागतो अशी समजूत सर्रास दिसते. तिकडे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं 'टायटल सेव्हन' पंधरा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला लागतं, आणि ब्रेकमध्येसुद्धा इंग्रजीच बोला अशा सरसकट नियमाकडे तिथली यंत्रणा संशयाने बघते. उच्चाराच्या लकबीवरून काम नाकारायचं तर ती लकब कामात खरोखर आड येते हे मालकाला दाखवावं लागतं. हे सगळं खरं. पण नवी मुंबईत बसून काम करणाऱ्या भारतीय नागरिकाला तो कायदा लागू होत नाही. लागू होते ती कंपनीची आचारसंहिता. तिच्यातल्या एथिक्स हॉटलाइनला मी बराच भाव देतो, कारण तिथे आलेली तक्रार इथल्या मॅनेजरच्या वरच्या माणसाच्या टेबलावर जाते. कायद्याची धमकी देण्यापेक्षा 'आपल्याच संहितेचं अमुक पान' असं लिहिलं की हालचाल लवकर होते.

पायरी २ : ती अट कामाची आहे का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. रागात प्रत्येक अट भेदभावच वाटते.

सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत त्या राज्याच्या भाषेची चाचणी असते. ठाण्याच्या शाखेत पेन्शनचा फॉर्म घेऊन आलेल्या आजींशी बोलायचं तर मराठी हवीच. ही कामाची अट. त्याच शाखेच्या सर्व्हर रूममधल्या तंत्रज्ञाला तीच अट लावली तर कारण विचारायला जागा आहे. इंटरनॅशनल प्रोसेसवर कॉल चालू असताना इंग्रजी, ही कामाची अट. कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, घरून आलेल्या फोनवर इंग्रजी, ही नाही. रबाळ्यात क्रेन चालू असताना सगळ्यांना कळेल अशा एकाच भाषेत इशारा द्यायचा, ही तर सुरक्षिततेची अट, तिच्याशी वाद घालूच नये.

तपासायला चार प्रश्न पुरतात. ही भाषा रोजच्या कामात कुठे लागते, ते नेमकं दाखवता येतं का? बोलण्यापुरती लागते की लिहिण्यासाठीही? तीच अट त्याच पदावरच्या सगळ्यांना आहे का? आणि अट 'भाषा येते का' अशी आहे की 'मातृभाषा कोणती' अशी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'मातृभाषा' असेल तर गडबड आहे, कारण मातृभाषा विचारणारा बहुतेक वेळा गाव, प्रांत किंवा जात चाचपत असतो. मुलाखतीत सफाईदार मराठी बोलणाऱ्या तमिळ मुलीला 'आम्हाला मराठीच मुलगी हवी' म्हणणं आणि 'मराठी उमेदवारांनी अर्ज करू नये' अशी जाहिरात टाकणं, दोन्ही एकाच रांगेतली. आपल्या बाजूचा अन्याय तेवढा दिसतो, समोरच्याचा दिसत नाही, हे इथे होऊ देऊ नका.

भाषेची अट सरकारने घातली म्हणजे ती टिकतेच असंही नाही. रिक्षा परवान्यासाठी मराठी सक्तीची करणारं राज्याचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केलं.

आणखी एक घोळ इथेच सोडवून टाकू. 'ऐंशी टक्के स्थानिक' हा नियम भाषेचा नाही. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षक-व्यवस्थापक श्रेणीत किमान ५० टक्के आणि बाकी श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे, आणि स्थानिक ठरतो तो राज्यातल्या १५ वर्षांच्या अधिवासावर. ते सरकारी प्रोत्साहनांशी जोडलेलं धोरण आहे. त्याच्या जोरावर एखाद्याला वैयक्तिक नोकरी मागता येत नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा सरळ कायदाच केला होता, तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

पायरी ३ : लेखी विचारा, पण तक्रारीच्या सुरात नाही

पहिल्याच मेलमध्ये 'डिस्क्रिमिनेशन' शब्द लिहिला की एचआर लगेच लीगलला विचारते, आणि मग येणारं उत्तर गुळगुळीत असतं. पहिला मेल माहिती मागणारा असावा. मराठीतून लिहिलात तरी चालतं. अवघडलेल्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी. साधारण असा:

"महोदय, सोमवारी टीम मीटिंगमध्ये आम्हाला सांगण्यात आलं की ऑफिसच्या आवारात इंग्रजीशिवाय अन्य भाषेत बोलू नये. ही सूचना लेखी धोरणाचा भाग आहे का, असल्यास त्याची प्रत मिळावी. ती फक्त ग्राहकांशी बोलतानापुरती आहे की जेवणाच्या सुट्टीलाही लागू आहे, हेही कळवावं. माझ्या कामगिरीच्या मूल्यमापनात याचा विचार होणार असल्यास त्याचे निकष कृपया सांगावेत."

यात कुणावर आरोप नाही. तरी तोंडी हुकूम आता कागदावर आला. बरेचदा इथेच गाडी मागे येते, कारण 'पॅन्ट्रीतही इंग्रजी' असं लेखी सही करून द्यायला कुणी तयार नसतं. सात-आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एक ओळीची आठवण टाका, नवा मेल नको. सगळं एका साखळीत राहिलं पाहिजे.

पायरी ४ : पुरावा

तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. 'नेहमी टोमणे मारतात' याला किंमत नाही. 'मंगळवारी दुपारच्या शिफ्टच्या ब्रीफिंगला दहा जणांसमोर असं म्हणाले' याला आहे. ग्रुपवरचे मेसेज डिलीट होण्याआधी ठेवा, आणि ज्या फोनवर आले तो फोन विकू नका. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र स्वतःच्या जीमेलला पाठवू नका, त्यावरूनच काढून टाकायची सोय होते.

कारखान्यातल्यांनी हे आधी वाचावं : न कळणाऱ्या भाषेतला कागद

भाषेवरून सर्वात मोठं नुकसान होतं ते टोमण्यांनी नाही, एन्क्वायरीत, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत होतं. टीटीसी पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलंय. कामगाराला इंग्रजीत चार्जशीट मिळते, तो 'घ्या सही' म्हटल्यावर सही करतो, एन्क्वायरी इंग्रजीत होते, शेवटी रेकॉर्डवर 'आरोप मान्य' असतं आणि त्या गड्याला ते कोर्टात कळतं.

कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायच्या, हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १०८ पासूनचं बंधन. एन्क्वायरीत तर नैसर्गिक न्यायाचं तत्त्व लागतं. आरोप काय आहे हे माणसाला कळलंच नाही तर त्याला बाजू मांडायची संधी दिली असं म्हणता येत नाही. पण ही हरकत वेळेवर घ्यावी लागते. निकाल लागल्यावर 'मला इंग्रजी येत नव्हतं' म्हटलं तर पहिला प्रश्न येतो, मग तेव्हा का नाही बोललात?

म्हणून कागद घ्यायला नकार देऊ नका. घ्या, आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: "प्रत मिळाली. मजकूर इंग्रजीत असल्याने समजलेला नाही. मराठी अनुवाद मिळावा." खाली तारीख. त्या पानाचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी तेच अर्जावर लिहून आवक शिक्क्यासह पोच घ्या. एन्क्वायरीच्या पहिल्या तारखेला कामकाज मराठीत चालावं किंवा दुभाषा मिळावा आणि मदतीला सहकारी असावा, हे मागा, आणि मागितल्याची नोंद त्या दिवसाच्या कामकाजात आली आहे का ते बघूनच सही करा. बिहार-ओडिशातून आलेल्या कामगाराने हिंदी किंवा ओडिया मागितली तरी तत्त्व हेच. युनियनच्या माणसाने त्याच्यासाठीही तितक्याच जोरात उभं राहावं.

पायरी ५ : कोणत्या दारात जायचं

आधी घरातलं दार. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान हवेत. तुमच्याकडे ती आहे का, हे विचारणं हाच एक चांगला पहिला अर्ज.

मग कामगार आयुक्तालय. इथे नवी मुंबईकरांची हमखास चूक होते. ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर 'नवी मुंबई' लिहितात म्हणून तळोज्याचा कामगार ठाण्याला अर्ज टाकतो आणि तो फिरत राहतो. पोलिसांचं उलट: पनवेल-तळोजासुद्धा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातच येतं. बँक, रेल्वे, बंदर असेल तर राज्याच्या कामगार कार्यालयात न जाता केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायचं.

'कामगार' ठरणं हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर असतं. व्हिजिटिंग कार्डवर 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलंय आणि दिवसभर डेटा एन्ट्री करता, तर तुम्ही कामगार ठरू शकता.

भाषेच्या नावाखाली बदली, बढतीत डावलणं किंवा नोकरीवरून काढणं झालं असेल तर लोक ज्याला 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात तो कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा राज्याचा १९७१ चा कायदा बघा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं आणि सूडबुद्धीने कामावरून काढणं या अनुचित प्रथा मानल्या आहेत. 'तिकडच्या' मुलांनाच ओव्हरटाइम, 'आमच्या' मुलांना नाही, हे तारखांसह दाखवता आलं तर तक्रार उभी राहते. मुदत ९० दिवस. ती कामगार न्यायालयात की औद्योगिक न्यायालयात, आणि नव्या संहितेनंतर नेमक्या कुठल्या कायद्याखाली, हे वकिलाकडून पक्कं करून घ्या. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पोलिसात कधी जायचं

क्वचित. 'मराठी लोक नकोत' अशी जाहिरात किंवा उघड पोस्ट असेल तर भारतीय न्याय संहितेची १९६ आणि १९७ ही कलमं बघता येतात. दोन्हींत 'भाषा' स्पष्ट लिहिलेली आहे. १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल, तर १९७ भाषिक गटाला नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारा असं सांगण्याबद्दल. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि एका कंपनीच्या जाहिरातीवर हे कलम ताणलं जाईलच असं नाही. माझ्या मते अशा वेळी जाहिरातीचा स्क्रीनशॉट कंपनीच्या वरिष्ठांना आणि जॉब पोर्टलला पाठवण्याने जास्त लवकर परिणाम होतो.

ऑफिसात जमाव घेऊन जाणं आणि मॅनेजरला कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावणं, याने तुमची बाजू बळकट होते असा समज असेल तर कलम ११७(४) वाचा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून भाषेवरून कुणाला गंभीर दुखापत केली तर प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोकरी परत मागायला गेलेला माणूस त्या गुन्ह्यात आरोपी क्रमांक तीन होतो, आणि न्यायालयातलं त्याचं मूळ प्रकरण तिथेच बसतं.

भाषेच्या आडून दुसरंच काही असेल तर

दिवाळे किंवा घणसोली गावातली आगरी-कोळी मुलगी रिसेप्शनला बसते आणि 'जरा शुद्ध बोल' हे रोज ऐकते. हे म्हणणारे बहुतेक मराठीच असतात. बोलीवरून हसण्याला वेगळा कायदा नाही, ती तक्रार समितीपुढेच जाईल. पण बोलण्यातून घसरण जातीवर गेली, ऐकणारी व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि चारचौघांत अपमान झाला असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तेव्हा ते प्रकरण भाषेचं म्हणून मांडू नका.

अडखळत बोलण्यावरून किंवा वाचादोषावरून 'कम्युनिकेशन कमी पडतं' असा शेरा मिळत असेल तर दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ बघा. वाचा आणि भाषा दोष त्यात दिव्यांगत्व म्हणून धरलेला आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. दाद मागायला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.

भरती करणाऱ्यांसाठी थोडक्यात

जाहिरातीत भाषा लिहायचीच तर काम लिहा. 'मराठी उमेदवार हवेत' याऐवजी 'नेरुळ-सीवूड्स भागातल्या ग्राहकांशी फोनवर मराठीत बोलता येणं आवश्यक, लिहिण्याचं काम इंग्रजीत' असं लिहिलं की कोर्टात सांगण्यासारखं कारणही तयार होतं आणि उमेदवारालाही कळतं. मातृभाषा, शाळेचं माध्यम, मूळ गाव हे रकाने फॉर्ममधून काढा. भाषा तपासायची तर सगळ्यांना तोच एक ग्राहकाचा फोन देऊन दहा मिनिटं बोलायला लावा, आणि मार्क त्याच दिवशी कागदावर लिहून फाइलला लावा.